बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या हाती काय पडतं? सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. आमचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, त्याआधी मांग. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांचा वर्ग दर बुधवारी संध्याकाळी भरतो, तो मी घेतो. हे पत्र त्या वर्गात बसणाऱ्या माणसांसाठी आहे. त्यांची नावं मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढे कळेलच.

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जबरदस्तीने होणारं धर्मांतर हा तिच्या कामातला एक विषय होता. तेव्हापासून आमच्या भागात जो येतो तो हेच सांगतो, की ख्रिस्ती लोक आमिष दाखवून गोरगरिबांना बाटवतात. कुणी पैसे देऊन, धमकावून किंवा फसवून कुणाचा धर्म बदलत असेल तर त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. आमचा धर्मही हेच सांगतो. शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचं दान पैसे मोजून मागायला आला, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला त्याच्या पैशासकट धुडकावलं, ही गोष्ट आम्ही मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवतो. कॅथलिक चर्चच्या कायद्यात कलम 748 आहे. कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. मराठवाड्यात दलित माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला काय मिळतं आणि त्याच्याकडून काय काढून घेतलं जातं, हे आपण एकदा नीट पाहावं. आणि काढून घेणारं कोण आहे, तेही पाहावं.

आधी ख्रिस्ती होणं म्हणजे काय ते सांगतो, कारण ते एका दिवसात किंवा एका सभेत उरकतं असा समज आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं ऊसतोडीला जाणारी, हातावर पोट असलेली. दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामं होतं, कोयते घेऊन सगळे कारखान्यांकडे जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यामुळे आमचा वर्ग शाळेसारखा सलग चालत नाही. अर्धा धडा या वर्षी, अर्धा पुढच्या वर्षी. आधी येते ती बाई. नवऱ्याची दारू, पोराचं आजारपण, नाही तर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली, फिटता न फिटणारी उचल, यांतलं काहीतरी तिच्या उरावर असतं. शेजारीण तिला प्रार्थनेला घेऊन येते. तिच्यासाठी कुणीतरी नाव घेऊन प्रार्थना करतं आणि तिला बसायला सतरंजीवर सगळ्यांच्या बरोबरीने जागा मिळते. पुष्कळांची सुरुवात इथे होते. याला कुणी आमिष म्हणणार असेल तर माझ्याकडे उत्तर नाही.

वर्गात मी पहिला प्रश्न विचारतो तो येशूबद्दलचा नसतो. घरी सांगितलं आहे का, हे मी विचारतो. मग विचारतो, कुणाशी बोलणं बंद आहे का, कुणाचं देणं बुडवलं आहे का, बायकोवर हात उचलतोस का. मग आम्ही दहा आज्ञा घेतो, प्रभूची प्रार्थना घेतो, विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, घेतो. ज्यांना अक्षरओळख नाही ते ऐकून पाठ करतात आणि माझ्या पदवीधर विद्यार्थ्यांपेक्षा नीट अर्थ सांगतात. वधस्तंभ उचलून मागे ये, असं येशू म्हणाला. मागे येणाऱ्याला सुख लागेल असं तो म्हणाला नाही. हे मी दर वेळी सांगतो आणि ज्याला कळत नाही त्याला थांबायला सांगतो. ज्या दिवशी पाळक बाप्तिस्मा देतात त्या दिवशी विहिरीला पाणी असलं तर विहिरीत, नाही तर तांब्याभर पाणी डोक्यावर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे तेही पाणी टँकरचं असतं.

आणि खरं जगणं त्यानंतर सुरू होतं. आमच्या समाजातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावच्या जत्रेत, मरीआईच्या गाड्यापुढे, लग्नाच्या वरातीपुढे हलगी वाजवत आला. बाप्तिस्मा घेतलेला माणूस देवळापुढे वाजवायला नाही म्हणतो. तो नम्रपणेच नाही म्हणतो, पण गावाला तो अपमान वाटतो. मग पिठाच्या गिरणीवर दळण मागे ठेवलं जातं, रोजगाराला दुसऱ्यांना बोलावलं जातं. भावकी जेवायला बोलावत नाही. पोरीला स्थळं येत नाहीत. आणि घरात कुणी गेलं की पहिला प्रश्न पडतो मातीचा. पुष्कळ गावांत आम्हाला दफनाची जागाच नाही. टेम्पोत मृतदेह घालून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ख्रिस्ती कबरस्तानापर्यंत न्यावा लागतो. हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, म्हणून इथे थांबतो.

हे सगळं माणसं सोसतात. गावाने दिलेला त्रास सोसायची तयारी त्यांनी वर्गातच केलेली असते. सोसवत नाही ते सरकारी कागदाचं.

1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद आपल्या खात्याला ठाऊकच आहे. हिंदू धर्म न मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असं तो सांगत होता. 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली, 1990 मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. याचा अर्थ असा, की मातंग माणूस बाप्तिस्मा घेऊन तसं कागदावर लिहील त्या दिवशी त्याच्या मुलांचं अनुसूचित जातीचं आरक्षण जातं, राखीव प्रभागातून उभं राहण्याचा हक्क जातो, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण जातं. राज्यात त्याला इतर मागासवर्गात धरतात, हे खरं. पण ओबीसी दाखल्याने ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, आणि अनुसूचित जातींसाठीच्या रमाई आवास योजनेचं घरही मिळत नाही. त्याला शिवी मात्र जुनीच मिळते. शिवी देणारा त्याचा दाखला तपासत नाही.

माझ्या वर्गात एक जण कित्येक वर्षांपासून येतो. ऊसतोड मजूर आहे. दारू त्याने कधीच सोडली. पाठांतर त्याचं माझ्यापेक्षा पक्कं आहे. त्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सर, लेकीची व्हॅलिडिटी हाती येऊ द्या, मग उतरतो पाण्यात." व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. लेकीची व्हॅलिडिटी झाली, तर धाकटा बारावीला आला. प्रभुभोजनाची भाकरी आमच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच खायची असते. त्या रविवारी तो शेवटच्या ओळीत बसतो. भाकरीचं ताट ओळीतून सरकत त्याच्यापर्यंत येतं. तो ते दोन्ही हातांनी घेतो, क्षणभर धरतो आणि काही न उचलता शेजारच्याकडे देतो. लेकीच्या वेळी जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी चौकशीला येणार, असा निरोप त्याला आला होता. आदल्या रात्री त्याच्या बायकोने भिंतीवरचा क्रूस काढून ज्वारीच्या कणगीत ठेवला. मला हे तिने स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आवरलं नाही.

मंत्री महोदय, मी त्या माणसाला खोटारडा म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये, पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात, मनाने ख्रिस्ती राहून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे, असं म्हटलं. न्यायालयासमोर कायदा जसा होता तसा त्यांनी लावला. पण त्याच न्यायालयाने 2015 मध्ये केरळच्या के. पी. मनू प्रकरणात असंही ठरवलं आहे, की ख्रिस्ती घराण्यातला माणूस हिंदू धर्मात परतला, मूळ जात सिद्ध झाली आणि समाजाने त्याला स्वीकारलं, तर त्याला जातीचे लाभ परत मिळू शकतात. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. येशूकडे गेलास तर लेकीची जागा जाईल, परत आलास तर मिळेल. शिष्यवृत्ती, घर आणि नोकरी समोर ठेवून माणसाच्या श्रद्धेशी सौदा कुठे होत असेल, तर तो इथे होतो आहे. आमच्या मंडळीकडे द्यायला सतरंजी आणि प्रार्थना आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला मान्य नसला तरी रास्त आहे. तुमच्या धर्मात जात नाही ना, मग जातीच्या सवलती कशाला? वेदीसमोर जात नाही, हे मी मनापासून मानतो आणि शिकवतो. पण आमच्यातही लग्न जुळवताना जुन्या जाती विचारल्या जातात, आणि ही आमच्या चर्चची लाज आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावाला आमचा बाप्तिस्मा दिसत नाही. वस्ती वेशीबाहेर आहे तिथेच आहे, शेत नाही ते नाहीच. शीख आणि बौद्ध धर्मही जात मानत नाहीत. तरी त्यांच्या बाबतीत संसदेने मान्य केलं, की धर्म बदलल्याने समाजाने केलेला अन्याय पुसला जात नाही. मग आमच्याच बाबतीत तो पुसला जातो, असं कसं?

आमच्यातले काही उपदेशकही चुकतात, तेही लिहितो. मोठे लाऊडस्पीकर लावून, हमखास रोग बरे करण्याची जाहिरात करून सभा घेणारे आहेत. आजारी माणसाला औषध बंद करायला सांगणारा उपदेशक मला माझ्या धर्माचा वाटत नाही. त्याला कायद्याने जरूर अडवा. पण त्याच्यामुळे माझ्या वर्गातली बाई संशयित ठरू नये.

जालन्याला हा विषय नवा नाही. जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचं प्रकरण कोर्टात गेलं, मुलगा घरच्यांना परत मिळाला आणि त्याला जातीत घ्यावं की नाही यावरून मोठा वाद पेटला. त्या वेळी बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला आले, मांगांमध्ये काम केलं, शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. माझा पणजोबा तिथे अक्षरं शिकला. आमच्या घरात पहिलं पुस्तक तिथून आलं. त्या काळी कुणी त्याला जातीचा दाखला विचारला नाही, कारण देण्यासारखं सरकारकडे काही नव्हतंच. आज सरकारकडे द्यायला आहे, आणि ते संविधानाने दिलेलं आहे, म्हणून मी मागतो आहे.

अनुसूचित जातींच्या यादीचा निर्णय संसदेच्या हातात आहे, हे मला कळतं. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्येच अनुसूचित जातीच्या दर्जाची धर्माशी घातलेली गाठ सोडवायची शिफारस केली. 2022 मध्ये केंद्राने याच प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढही मिळाली. पण महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहिली नाही, असं एकदा घडलेलं आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राने बौद्धांना सवलती नाकारल्या, तेव्हा नव्या राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने त्या आपल्या अधिकारात दिल्या. केंद्राला तिथवर यायला 1990 उजाडलं. आपल्याच खात्याच्या योजना आजही "अनुसूचित जाती व नवबौद्ध" अशा शब्दांनी सुरू होतात, त्या त्याच परंपरेतल्या.

माझी मागणी त्याच वाटेची आहे. रमाई आवास, विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणासाठीची स्वाधार, भूमिहीनांसाठीची दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना, या राज्याच्या स्वतःच्या योजना आहेत. त्यांच्या निकषांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश करायला संसदेची गरज नाही. शासन निर्णय पुरेसा आहे. सोबत तिसरा परिच्छेद धर्मनिरपेक्ष करावा, असं राज्य सरकारचं लेखी मत केंद्राकडे जावं. आणि धर्मांतराच्या चौकशीसाठी आमच्या वस्तीत कुणी अधिकारी पाठवणार असाल तर त्याला एवढं सांगा, की बाप्तिस्मा घेतल्यावर या माणसाचं काय गेलं, हाही प्रश्न त्याने विचारावा आणि उत्तर अहवालात लिहावं.

बारावीचा निकाल लागला की पावसाळ्याच्या तोंडाला कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. स्वाधारचे निकष त्याआधी बदलले तर माझ्या वर्गातल्या त्या माणसाच्या धाकट्याला निदान शहरात राहण्याचा आणि जेवणाचा खर्च मिळेल, मग बापाने कोणत्याही देवाचं नाव घेतलेलं असो. निर्णय काय होतो ते कळवावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
जालना जिल्ह्यातील एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक