मामा, वेण्णा माहुलीला पोचली

नमस्कार मामा,

परवा १४ जानेवारीला आमच्या कॉलेजात भूगोल दिन झाला. तिळगूळ, भित्तिपत्रक, प्रमुख पाहुणे, आणि नेहमीप्रमाणे 'आजपासून उत्तरायण' असं ठणकावून सांगणारं भाषण. (ते डिसेंबरातच सुरू झालेलं असतं, हे तुम्ही एकदा पाहुण्यांच्या देखत बोललात आणि नंतर बोलणी खाल्लीत, आठवतंय?) कार्यक्रम संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमची पीएचडी कुणामुळे पुरी झाली?" सवयीनं गाइडचं नाव तोंडातून गेलं. त्या रात्री काही झोप लागली नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात अकरा नावं आहेत. एका सहीसाठी मला चार महिने खेटे घालायला लावणारे साहेब त्यात आहेत. माझी आकडेवारी 'जरा बघतो' म्हणून नेऊन परिषदेत स्वतःच्या नावावर वाचणारे ज्येष्ठही आहेत. मुलगा झाला तेव्हा "आता कशाला हा नसता व्याप?" म्हणणारे गाइड तर पहिल्याच ओळीत. विभागाची लॅब सांभाळणारे तुम्ही मात्र नाही. लॅबमधल्या माणसांची नावं घालायची पद्धत नसते, असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली.

आताची मुलं संगणकावर दुपारभरात खोरं आखून मोकळी होतात. आपली गोष्ट नकाशे लोकांना खुले करणाऱ्या २००५ च्या धोरणाच्या आधीची. टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे, कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्या करगोट्याला. ४७ जी/९, महाबळेश्वर. तुम्ही रजिस्टरात सही घ्यायचात, शीट पसरून द्यायचात, आणि मी वर ट्रेसिंग पेपर ठेवून, महाबळेश्वरहून निघून माहुलीला कृष्णेला मिळणाऱ्या वेण्णा नदीचा एकेक ओढा उतरवत बसायचे. निळी रेघ नेमकी कुठं सुरू होते ते भिंगातून शोधायचं, तिला श्रेणी द्यायची, रोटामीटर फिरवून लांबी मोजायची. डोळ्यांची पार वाट. त्याआधी सकाळी दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवून यायचं. तिथल्या स्टाफरूममध्ये मला खुर्ची नव्हती. भूगोलाला इतिहासाचं शेपूट समजणाऱ्या लोकांत हे चालायचंच.

मग बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, आणि दोन वर्षं कुठं गेली कळलं नाही. त्या दिवशी मी विभागात आले ती नाव काढून घ्यायला. नो ड्यूजच्या फॉर्मवर लॅबची सही हवी होती.

तुम्ही फॉर्म हातात घेतलात, टेबलावर पालथा ठेवलात आणि स्टूल ओढून कपाटावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली काढलात. वर वर्तमानपत्राच्या घड्या. त्या बाजूला केल्या तर खाली माझं अर्धं राहिलेलं ट्रेसिंग, जसंच्या तसं.

"वेण्णा मेढ्यापर्यंत आलीय मॅडम. माहुलीला पोचवायची राहिलीय."

मी बघत होते त्या टाचण्यांकडे. चकचकीत, नव्या. तुम्ही सहज म्हणालात, "पावसाळ्यात गंज धरतो, कागदाला डाग पडतो. दोनदा बदलल्या."

दोनदा, मामा! दोन पावसाळ्यांत मला विभागातून कुणाचा साधा फोन नव्हता. आणि एक माणूस स्टुलावर चढून, कुणी न सांगता, माझ्या कागदाच्या टाचण्या बदलत होता. मी परत येईन का, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. येणारच, असं धरूनच चालला होतात. घरीही कुणी तसं धरलं नव्हतं, खरं सांगायचं तर मीही नाही.

वर्गात मी ओढ्यांना श्रेणी द्यायची स्ट्रालरची पद्धत शिकवते. पहिल्या श्रेणीचे दोन ओढे मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा प्रवाह होतो. पण मोठ्या प्रवाहाला एखादा लहान ओढा येऊन मिळाला तर मोठ्याची श्रेणी तीच राहते. ओढा पाणी देतो, हिशेबात येत नाही. श्रीव्हच्या पद्धतीत मात्र उगमाचा प्रत्येक ओढा मोजला जातो, बेरीज वाढत जाते. माझा ऋणनिर्देश स्ट्रालरच्या पद्धतीनं लिहिलेला होता. हे पत्र श्रीव्हच्या पद्धतीनं लिहिलंय असं समजा.

विद्यापीठांत हुशार माणसं पैशाला पासरी. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम नीट झाकून ठेवणारी किती, ते मला इतक्या वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजता आलं.

खोऱ्याचा नकाशा मोठा छापून घेतलाय. रविवारी घेऊन येते. खाली कोपऱ्यात 'आरेखन' लिहिलंय, त्यापुढं आता दोन नावं आहेत. वहिनींना सांगा, चहा कमी साखरेचा.

आणि त्या नो ड्यूजच्या फॉर्मवर तुमची सही राहिली ती राहिलीच. राहू द्या.

तुमची,
वेण्णावाली मॅडम