कॉर्फचा किल्ला आणि पुन्हा टाकलेले रूळ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल सुट्टी होती, म्हणून ताई आणि दाजींनी मला इंग्लंडच्या डॉर्सेटमधला कॉर्फ कॅसल दाखवला. तू बरोबर हवा होतास, असं दिवसभर वाटत राहिलं.

टेकडी तुझ्या दृष्टीने अगदी लहान. पण आतल्या दरवाजापाशी माझे पाय थबकले. त्याचा एक बुरूज सुरुंगाने जागेवरून खाली घसरलाय आणि तसाच उभा आहे! राजा आणि पार्लमेंटच्या यादवीत, १६४३ साली, किल्ल्याच्या मालकिणीने, लेडी मेरी बँक्सने, हा किल्ला लढवला. वरचा कोट तिने मुली, दासी आणि पाच शिपायांनिशी राखला. चढून येणाऱ्यांवर दगड आणि निखारे टाकले. १६४६ साली मात्र फितुरीने किल्ला पडला आणि पार्लमेंटने तो सुरुंग लावून फोडायला लावला. मला आपले गड आठवले. १८१८ मध्ये इंग्रजांनी कितीतरी गडांच्या पायऱ्या अशाच उडवल्या ना? इथल्या गावातली घरंसुद्धा किल्ल्याच्या दगडांतून उभी राहिलीत.

तिथे आम्ही जवळच्या स्वॉनिज गावाहून वाफेच्या गाडीने गेलो होतो. कोळशाचा वास आला आणि मला माझ्या माहेरची गाडी आठवली. ही लाइन १८८५ सालची. १९७२ च्या जानेवारीत ती बंद केली आणि त्याच उन्हाळ्यात रूळही उखडून नेले. मग लोकांनी संस्था काढली, पडीक स्टेशन ताब्यात घेतलं आणि स्वॉनिजच्या टोकाकडून पुन्हा रूळ टाकत निघाले. पहिल्यांदा गाडी धावली ती जेमतेम काहीशे यार्ड. कॉर्फपर्यंत पोचायला १९९५ साल उजाडलं. ओंकार, जेमतेम पाच-सहा मैलांची वाट रे ही! आजही तिथे काम करणारे बरेचसे स्वयंसेवकच आहेत.

गडावरच्या टाक्यातला तुम्ही उपसलेला गाळ पावसाळ्यात पुन्हा भरला, म्हणून तू मागे फोनवर अगदी खचून बोललास. तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. काल डब्यात बसल्यावर मात्र सारखे तुम्हीच डोळ्यांपुढे येत होता, घमेली घेऊन रांगेत उभे असलेले. तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे, आणि मला तुझा अभिमान वाटतो. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

मी दसऱ्याच्या आधी परत येते. पुढची मोहीम ठरली की मलाही ने. कातळटप्पा मला जमणार नाही, पण पायथ्याच्या वाडीत सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी करीन. किती जण असाल ते आधी कळव.

तुझी,
आई