टर्बो दुसऱ्यांदा गेला आणि चूक म्हणे माझीच

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

माझ्या डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) 61 हजार किमीला गेला, मुंबईहून येताना कसारा घाटात, आधी शिट्टी मारल्यासारखा आवाज मग मागे निळा धूर आणि पिकअप गायब. तुमच्या नाशिकच्या वर्कशॉपने नवीन टर्बो टाकला, एक वर्षाची वॉरंटी बिलावरच लिहिलीये. तोच टर्बो 68 हजारला परत गेला, सप्तशृंगी गडावरून दर्शन करून येताना दिंडोरीच्या पुढे. आई म्हणाली घाट उतरल्यावर बंद पडली हीच देवीची कृपा.

आता तुमचे अॅडव्हायझर म्हणतात वॉरंटी नाही, तुम्ही गाडी तापलेली असताना लगेच बंद करता. अहो मी घाट चढून आलो की एक मिनिट आयडलला ठेवतो, बायको रोज विचारते उतरू का आता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर टिकून असतो, गरम असताना ऑइल थांबलं की तिथेच जळून कोळसा होतो, हे मला माहितीये. सकाळी चालू केल्या केल्या रेस पण देत नाही, ऑइल तुमच्याच मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आणि वेळेवर, सगळी बिलं जोडलीत.

खरी गंमत पुढे आहे. तुमच्याच मेकॅनिकने टर्बोला ऑइल नेणारा पाइप काढून माझ्या हातात दिला (बिचाऱ्याचं नाव नाही सांगत), आत तव्याच्या बुडाला असते तशी काळी खपली, आगपेटीची काडी पण जाईना. पाइप जुनाच! पहिल्या कामाचं बिल बघा, टर्बो आहे, गॅस्केट आहे, लेबर तर आहेच, पण पाइप नाही, ऑइल आणि फिल्टर पण नाही. म्हणजे नवीन टर्बो पहिल्या दिवसापासून उपाशी, मग तो सात हजार किमी टिकला हेच खूप झालं.

तर वॉरंटीत टर्बो बदला, सोबत नवीन पाइप, ऑइल, फिल्टर, इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) साचलेलं ऑइल साफ करा, चालू करायच्या आधी टर्बोत ऑइल भरा, आणि बिघाडाचं कारण लेखी द्या. 15 दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग.

गाडी तुमच्याच शेडमध्ये उभी आहे, बॅटरीची केबल तेवढी काढून ठेवायला सांगा, नाहीतर ती उतरली तरी माझ्याच नावावर टाकाल.

तुमचा ग्राहक,
नाशिक