वाचनालयातल्या मॅडमना, एका 'कशावरून?'बद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

कुठेही नाव घालू नका, असं तुम्ही मागेच बजावलंत, म्हणून नुसतं 'मॅडम' म्हणते. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण लहान मुलं घरात असलेल्या आणखी कुणाच्या ते उपयोगी पडेल.

गेल्या जूनमध्ये मी तुमच्या टेबलाशी आले, तेव्हा माझी नऊ वर्षांची लेक माझा पदर धरून मागे उभी होती. एका पुस्तक प्रदर्शनातून आणलेलं इजिप्तवरचं रंगीत पुस्तक तिने वाचलं होतं. त्यात ममी होती, शाप होता आणि थडगं उघडणारे सगळे पटापट मेले असं ठासून लिहिलं होतं. तिचे आजोबा जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. रात्री ती दचकून उठायची, दिवा मालवू द्यायची नाही. मी तुम्हाला म्हटलं, इजिप्तचं काही नको, दुसरं छानसं द्या. तुम्ही माझं ऐकलं नाहीत. पहिले आभार त्याचेच.

तुम्ही तिला स्टुलावर बसवलंत आणि विचारलंत, "सगळे मेले? कशावरून?" मग कपाटातून एक जाडसर पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलंत आणि पाठकोऱ्या कागदावर तिलाच गणित घालायला लावलंत. तुतनखामुन या इजिप्तच्या राजाच्या थडग्याची पहिली पायरी उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना 4 नोव्हेंबर 1922 रोजी सापडली. थडग्यात सगळ्यात जास्त वावरला तो कार्टरच. तो वारला 1939 मध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी. वजाबाकी आली सतरा. "सतरा वर्षं शाप काय करत होता?" असं तिनेच विचारलं. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन मात्र खरंच पाच महिन्यांत गेले, हेही तुम्ही लपवलं नाहीत. डास चावला, दाढी करताना ती जागा कापली, जखम चिघळली आणि 5 एप्रिल 1923 ला कैरोत त्यांचा अंत झाला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. ते वाचून ती आठवडाभर मच्छरदाणीची टोकं नीट खोचत होती, पण झोपत होती.

त्या दिवसापासून दर शनिवारी एक पुस्तक घरी येऊ लागलं. बहुतेक सगळी इंग्रजी. मराठीत या विषयावर मुलांना हातात देण्यासारखं फार थोडं आहे, याची खंत तुम्ही बोलून दाखवली होती. पण नुसती खंत करून तुम्ही थांबला नाहीत. प्रत्येक पुस्तकात तुमच्या अक्षरातली एक चिठ्ठी असायची. गाळ, चुनखडी, दगडाची खाण, पडाव, लेखनिक, असे नेमके शब्द, पानांच्या आकड्यांसह. त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर मी चित्रं दाखवत दाखवत मराठीत सांगत गेले. काही शब्द मलाच आठवले नसते.

त्यातलं पिरॅमिडचं पुस्तक तर आम्ही तीनदा नेलं. डेव्हिड मॅकॉले यांचं, 1975 चं. आत रंगाचा टिपूस नाही, नुसती शाईची रेघ. जागा निवडण्यापासून शेवटचा दगड बसेपर्यंत एक पिरॅमिड पानोपानी वर चढत जातो. हिला चकचकीत चित्रांची सवय, ही ते बघणार नाही असं मला वाटलं होतं. ती पोटावर पालथी पडून त्यातली एवढीएवढीशी माणसं मोजत बसली.

माणसं हाच तुमचा आग्रह होता, हे मला फार उशिरा कळलं. प्रदर्शनातल्या त्या पुस्तकात चाबकाखाली राबणारे गुलाम होते. तुम्ही पुन्हा विचारलंत, कशावरून? आणि पिरॅमिड जिथे आहेत त्या गिझाजवळ उजेडात आलेल्या कामकऱ्यांच्या वस्तीचं पान उघडून दिलंत. तिथे भट्ट्या सापडल्या, पाव भाजायचे मातीचे साचे सापडले, गुरांच्या हाडांचे ढीग सापडले. पिरॅमिडच्या शेजारीच कामकऱ्यांच्या कबरी आहेत आणि काही सांगाड्यांची मोडलेली हाडं नीट सांधून जुळलेली आहेत, म्हणजे कुणीतरी औषधपाणी केलं होतं. त्याच वेळी "म्हणजे सगळं आनंदात चाललं होतं असंही नाही हं, राजाचा हुकूम होता, पाठीवर ओझं होतं," असंही तुम्ही म्हणालात. मुलांना एक सोपी गोष्ट काढून तिच्या जागी दुसरी सोपी गोष्ट न देणारं माणूस मला आजवर क्वचितच भेटलं आहे.

मग आमच्या घरात मेरेर आला. 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल्-जर्फ इथे, पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. लेखन असलेले याहून जुने पपायरस अजून मिळालेले नाहीत. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाचा काळ, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. सुमारे 40 माणसांची टोळी घेऊन तो नदीपलीकडच्या तुरा इथल्या खाणींतून पांढरी चुनखडी नावेत घालून गिझाला आणायचा. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. लेकीला खुफूचं काही पडलेलं नाही. मेरेर आज कुठे पोचला असेल, हा आमच्या जेवणातला विषय असतो.

हजेरीचा दगडही तुम्हीच दाखवलात. रामसेस दुसऱ्याच्या राज्याचं चाळिसावं वर्ष, कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव आणि चुनखडीच्या चपट्या तुकड्यावर लिहिलेलं मस्टर. आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकाला विंचू चावला म्हणून रजा, एकाचे डोळे आलेले, कुणी बीअर गाळत होता. आणि कुणी आपल्या आईच्या अंत्यसंस्काराच्या तयारीत होता. त्या ओळीवर ती थांबली. "आजोबा गेले तेव्हा बाबांनीपण रजा टाकली होती," म्हणाली. मग तिने ममीचं प्रकरण स्वतःहून उघडलं. सत्तर दिवस लागायचे, नेट्रॉन नावाच्या खारात देह सुकवायचे, काळीज मात्र आतच ठेवायचे, कारण मेल्यानंतरच्या न्यायाच्या वेळी ते तराजूत पिसासमोर तोललं जाणार, अशी त्यांची समजूत होती. सगळं तिने मला वाचून दाखवलं. आवाज कापला नाही. मॅडम, त्या रात्री दिवा तिने स्वतः मालवला.

बाकी गमती किती सांगू! चित्रलिपीतल्या पशुपक्ष्यांची तोंडं ज्या बाजूला, त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची, हे तिने शाळेतल्या सगळ्यांना शिकवलं आहे. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणजे आपण काना-मात्रा गाळून लिहावं तसं, हे तुमचं स्पष्टीकरण मलाही कुठे आधी सुचलं नव्हतं. आमच्या मांजरीच्या ताटलीखाली तिने 'मनी' लिहून चिकटवलं आहे: घुबड, पाण्याची नागमोडी रेघ आणि वेताची दोन पाती. मांजराला ते लोक 'मिऊ' म्हणत, हे कळलं त्या दिवशी घरात दुसरं काही बोलणंच झालं नाही. आणि माझ्या सासूबाईंना सगळ्यात आवडलं ते देशाचं नाव. पुराच्या गाळाची जमीन ती केमेत, काळी, आणि पलीकडचं वाळवंट ते तांबडं. "आपल्याकडे काळी आणि पांढरी, तसंच की," म्हणाल्या. शेत म्हणजे काळी, गावठाण म्हणजे पांढरी. नातीला हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळले, तेही नाईल नदीमुळे.

दिवाळीत आम्ही बहिणीकडे बडोद्याला गेलो होतो. सयाजीराव महाराजांच्या संग्रहालयात, कमाटी बागेत, एक ममी आहे. मी आधी चारदा विचारलं, नक्की बघायची ना? ती काचेपाशी गेली, बराच वेळ उभी राहिली आणि चपला बाहेर काढायला हव्या होत्या का, असं हळूच विचारून तिने हात जोडले. बाजूच्या मुलाने "भूत!" म्हटलं, तर त्याच्याकडे वळून तिने काय विचारलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

मॅकॉलेंचं पुस्तक या शनिवारी परत आणते आहे. एका पानाचा कोपरा दुमडला गेला, तो इस्त्रीखाली धरून सरळ केला आहे. तिचाही एक प्रश्न आहे, तो तिने तुमच्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलाय: मेरेरची माणसं नाव वल्हवताना गाणी म्हणायची का, आणि म्हणत असतील तर कशावरून?

आपली कृतज्ञ,
शनिवारच्या मुलीची आई