गच्चीवरच्या नळाचं हँडल परत बसवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक कमिटी

विषय: वरीलप्रमाणे
संदर्भ: माझी याआधीची पत्रं, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही

महोदय,
स. न. वि. वि.

गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या नळाचं हँडल कुणीतरी काढून नेलं आहे. ‘कुणीतरी’ हे मी सभ्यपणे लिहिते आहे. ते सध्या कोणाच्या घरात आहे हे तुम्हाला, मला आणि वॉचमनला माहीत आहे. वॉचमनने ‘माझं नाव घेऊ नका’ अशी विनंती केली आहे, म्हणून मी त्यांचं नाव घेत नाही.

मागच्या सभेत ‘चार दिवस पाणी नाही मिळालं तर झाडांचं काय बिघडतं’ असा प्रश्न आला आणि बरेच जण हसले. म्हणून काय बिघडतं ते लिहून देते. थंडी ओसरत असताना मी टोमॅटो, मिरची आणि वांग्याचं बी ट्रेमध्ये टाकलं. रोपांना चार-पाच पानं आल्यावर त्यांना रोज थोडंथोडं ऊन दाखवून मग मोठ्या कुंड्यांत हलवलं. काकडी, दुधी, दोडका यांना मुळं दुखावलेली खपत नाहीत, म्हणून त्यांचं बी थेट ग्रो बॅगमध्ये टोचलं. हे सगळं वसंतातच उरकावं लागतं. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर जाऊन रात्रीही गरम राहू लागल्या की टोमॅटोचे परागकण कामाचे राहत नाहीत. फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. म्हणजे फळ धरायला हाती मोजके आठवडे असतात. नेमक्या त्याच आठवड्यांत नळ बंद झाला. हा योगायोग असेल, तर आमच्या शेजाऱ्यांचा भाजीपाल्याचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला आहे.

आता मी स्वयंपाकघरातून बादल्या भरून जिना चढते. (लिफ्टने नेल्या, तर लिफ्टमध्ये पाणी सांडतं अशी तक्रार आली. कोणाची, ते सांगायला नको.) त्यामुळे कुंड्यांना एक दिवस भरपूर पाणी, मग दोन दिवस काहीच नाही, असं चाललं आहे. त्याचा परिणाम टोमॅटोच्या बुडाशी दिसतो. आधी पाणचट डाग पडतो, मग तो तपकिरी होतो आणि चामड्यासारखा कडक होऊन आत दबतो. ही कीड नव्हे आणि बुरशीही नव्हे. मातीत कॅल्शियम असलं तरी ते फळापर्यंत पाण्याबरोबरच चढतं. पाण्यात असा खंड पडला की फळाच्या टोकाला ते मिळत नाही. असे काही टोमॅटो सोबतच्या पिशवीत पाठवले आहेत. त्यांची आवक नोंद व्हावी.

काकडीचंही तेच. कमिटीच्या एका सदस्यांना मी स्वतः नेऊन दिलेली काकडी कडू निघाली आणि त्यांनी तसं ग्रुपवर लिहिलं, खाली तोंड वाकडं केलेल्या इमोजीसह. वेलावर उष्णतेचा आणि तहानेचा ताण आला की कुकर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य फळात उतरतं, देठाकडच्या भागात जास्त. नळ चालू होता तेव्हाच्या काकड्या याच सदस्यांनी मागून नेल्या होत्या, तेव्हा ग्रुपवर काही आलं नव्हतं.

शेजाऱ्यांचं म्हणणं मी नेहमीच समजून घेत आले आहे. सुरुवातीला त्यांची तक्रार गळतीची होती. त्यांच्या हॉलच्या छताला ओल आहे हे खरं आहे, ती मी पाहिली आहे. पण ती ओल टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या जोडाखाली आहे आणि माझ्या कुंड्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, विटांवर आहेत. शिवाय ही ओल मागच्या पावसाळ्यातही होती, तेव्हा गच्चीत माझी एकही कुंडी नव्हती. हे मी पत्रात लिहिल्यावर गळतीचा विषय मागे पडला आणि वजनाचा पुढे आला. वजनाचंही उत्तर दिलं. निव्वळ ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, म्हणूनच मी अर्ध्याहून जास्त कोकोपीट आणि कंपोस्ट वापरते. ते मिश्रण बरंच हलकं पडतं. त्याच गच्चीवर ५,००० लिटरची टाकी आहे, म्हणजे भरल्यावर नुसत्या पाण्याचेच ५,००० किलो. तिच्याबद्दल कुणी पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही.

मग डास. कुंड्यांखालच्या बशा मी दर आठवड्याला ओतून, घासून पालथ्या घालते, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. गच्चीत साचलेलं पाणी आहे, ते शेजाऱ्यांच्या बंद पडलेल्या कूलरच्या तळाशी. त्यात वळवळणाऱ्या अळ्यांचा व्हिडिओ मी सचिवांना पाठवला होता. दोन निळ्या खुणा आल्या, बाकी काही नाही. त्यांच्या एसीचं बाहेरचं युनिटही गच्चीतच आहे, आणि त्याची गरम हवा सरळ माझ्या मिरच्यांवर येते. पानं कडेने करपून आत वळली आहेत. युनिटचं तोंड फिरवायला किती वेळ लागतो हे मी मेकॅनिकला विचारलं आहे. फार नाही लागत.

आणि मधमाश्या. मधमाश्यांना मी बोलावत नाही. काकडीची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे बोटभरही नसलेली इवलीशी काकडी असते, आणि सकाळी परागकण पोहोचले नाहीत तर ती पिवळी पडून गळते. मधमाशी ते काम करून निघून जाते, सोफ्यावर बसायला कुणाच्या घरात येत नाही. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात. तेव्हा मधमाश्या नसतात, म्हणून नर फूल तोडून मादी फुलाला मला हाताने लावावं लागतं. पण गच्चीची चावी शेजाऱ्यांकडे ‘सोयीसाठी’ ठेवलेली आहे आणि दिवेलागणीच्या आत दार बंद होतं. ही सोय कोणाची, हे कमिटीने एकदा लेखी कळवावं.

नियमांचं म्हणाल तर उपविधींप्रमाणे गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक जागा आहे. हे वाक्य मी अधोरेखित करून सोबत जोडलं आहे. त्याच पानावर पुढे परवानगीबद्दल काही मजकूर आहे. तो प्रामुख्याने बांधकामासंबंधी असावा, आणि कुंडी हे बांधकाम नव्हे. कूलर, एसीचं युनिट आणि खिळे ठोकून बांधलेली कपड्यांची दोरी यांना तो मजकूर लागू होतो का, हे कमिटीने आधी तपासावं.

ही माझ्या एकटीची भूमिका आहे असा समज नसावा. माझ्या विंगमधले बहुतेक सगळे माझ्याशी सहमत आहेत. तळमजल्यावरच्या आजी तर म्हणाल्या की वर इतकं हिरवं आहे हे बघून बरं वाटतं. गुडघ्यांमुळे त्या अजून वर आलेल्या नाहीत, पण फोटो पाहिले आहेत. सहीसाठी कागद फिरवला तेव्हा काहींनी ‘आमचं तोंडी धरा’ असं सांगितलं, कारण शेजारपाजारी वाईटपणा कोणाला हवा असतो? वाईटपणा मलाही नको आहे. म्हणूनच हे पत्र मी दोनदा मवाळ केलं आहे.

मागण्या फार नाहीत. नळाचं हँडल या आठवड्यात बसवावं. गच्चीची चावी वॉचमनकडे असावी. कूलर हलवावा. युनिटचं तोंड फिरवावं, ते जमत नसेल तर निदान संध्याकाळपर्यंत एसी लावू नये. विषय पुढच्या वार्षिक सभेत घेऊ, असं कृपया कळवू नये. सभेपर्यंत पावसाळा संपलेला असेल आणि वेल केव्हाच उपटून कंपोस्टमध्ये गेलेले असतील.

कळावे,
आपली नम्र,
वरच्या मजल्यावरील एक सभासद
(मेंटेनन्स आजवर कधीही थकलेला नाही)

प्रत: सचिव, खजिनदार, नोटीस बोर्ड (काचेच्या आत लावावी, मागची कुणीतरी काढली)

ता. क.: दोडक्याचा एक वेल शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीवर गेला आहे. ताणे मिळेल ते धरतात, मी वळवलेला नाही. त्यावर सध्या मादी फुलं आहेत, त्यामुळे दोडके उतरेपर्यंत त्या दोरीवर कुणी काही वाळत घालू नये, अशी सूचना कमिटीने काढावी.