मॅक्सवेलचा राक्षस आणि व्हरांड्यातला माठ

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात, भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांच्या कल्पनेतील राक्षसाने, म्हणजे वेगवान आणि संथ रेणू निवडून वेगळे करणाऱ्या काल्पनिक द्वारपालाने, उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा) मोडीत काढला, असे म्हटले आहे. मॅक्सवेल यांनी ही कल्पना १८६७ साली भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांना पत्रातून कळवली. लेख तिथेच थांबला, याचे मला वाईट वाटले.

मी दारव्हा तालुक्यातील एका गावात एकतीस वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. एकदा एका मुलीने व्हरांड्यातल्या माठाकडे बोट दाखवून विचारले, "सर, माठातले वेगवान रेणू वाफ होऊन निघून जातात आणि संथ तेवढे मागे उरतात, मग माठ हाच तो राक्षस नव्हे का?" असा प्रश्न ज्याला ऐकायला मिळाला, त्या शिक्षकाचे सोने झाले. पाण्याची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचे माप, घटते हे खरेच. पण वाफ कोरड्या हवेत पसरताना त्याहून अधिक एन्ट्रॉपी वाढते; एकूण ती घटत नाही, आणि दुसरा नियम एवढेच मागतो. वाफ कोरड्या हवेतच पसरते, म्हणूनच ४५ अंशांच्या मे महिन्यात गारेगार पाणी देणारा माठ श्रावणातल्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो. आपल्याकडच्या कूलरचेही तेच.

राक्षसाचा पेच याहून खोल आहे. तो प्रत्येक रेणू पाहून दार उघडतो, वेगवान एका बाजूला आणि संथ दुसऱ्या बाजूला करतो, आणि कोणतेही काम न करता तापमानात फरक पाडतो. लिओ झिलार्ड यांनी १९२९ साली याचा संबंध माहितीशी जोडला. पुढे १९६१ साली रोल्फ लँडाउअर यांनी दाखवले की एक बिट (हो किंवा नाही एवढी) माहिती पुसताना काही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. नेहमीच्या तापमानाला ती सुमारे २.९ × १०⁻²¹ ज्यूल भरते. मग १९८२ साली चार्ल्स बेनेट यांनी उलगडा केला: रेणू पाहणे तत्त्वतः फुकट होऊ शकते, परंतु पाहिलेल्या रेणूंची नोंद ठेवणारी राक्षसाची पाटी केव्हातरी भरते, ती पुसल्याखेरीज पुढचे लिहिता येत नाही, आणि कमावलेले सारे त्या पुसण्यात जाते. २०१२ साली ही उष्णता प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलीही गेली.

हा उत्तरार्ध पुरवणीत सविस्तर छापावा, ही विनंती. आमच्या भागातील बारावीची मुले त्या पानाची कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ