दोन नावं आहेत, दोन्ही छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

दरवर्षी १९ एप्रिल, म्हणजे चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा स्मृतिदिन, जवळ आला की पेपरात त्यांची आठवण छापून येते, ती वाचून बरंच वाटतं, पण त्यात 'कासव', 'अस्तु', 'देवराई' हे सगळे सिनेमे फक्त त्यांच्या एकटीच्या नावावर टाकलेले असतात आणि सुनील सुकथनकर हे नाव कुठे तरी शेवटी येतं नाहीतर येतच नाही, हे मला फार खटकतं म्हणून हे पत्र. त्या सिनेमांवर दिग्दर्शक म्हणून दोन नावं आहेत हो. त्यांनी स्वतःच तशी लावलीयत.

भावे मॅडम मूळच्या समाजकार्य शिकवणाऱ्या, फिल्मचं शिक्षण काही नाही. झोपडपट्टीतल्या बायकांचा अभ्यास करताना त्यांना वाटलं की हे कागदावर राहून उपयोग नाही, ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती दिसली पाहिजे, आणि त्यातून १९८५ साली 'बाई' ही छोटी फिल्म झाली. सुनील सर त्यांच्यापेक्षा वयाने खूप लहान, पुढे एफटीआयआयला, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला शिकलेले. पटकथा बहुतेक मॅडमची, गाणी सरांची, दिग्दर्शन दोघांचं, आणि पुण्यातली 'विचित्र निर्मिती' ही छोटीशी संस्था. नवराबायको नाही, मायलेक नाही, गुरुशिष्य म्हणावं तर तेही पूर्ण बसत नाही, बहुधा म्हणूनच लोकांना दोन्ही नावं एकत्र लक्षात ठेवायला जड जात असावं. पण तीसेक वर्षं एकाच सेटवर दोघांनी मिळून निर्णय घ्यायचे ही साधी गोष्ट आहे का? आपल्याकडे दोन भावांचं दुकान तेवढं टिकत नाही.

मला हे एवढं का लागतं ते सांगते. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता. घरात तो शब्दच नव्हता, 'डोक्यावर परिणाम झालाय' एवढंच, आणि पाहुणे आले की मामा आतल्या खोलीत. २००४ च्या सुमाराला 'देवराई' एका हॉलमध्ये दाखवला, नंतर डॉक्टरांशी गप्पा होत्या, आई गेली ती मला घेऊन. त्यातला हाच आजार असलेला अतुल कुलकर्णीचा शेष बघताना आई रडली नाही, पण सोनाली कुलकर्णीने केलेली त्याची बहीण बघताना रडली, कारण मामाची तशी बहीण म्हणजे आईच होती. त्या रात्री आईने पहिल्यांदा मामाच्या आजाराचं नाव घेतलं. हे त्या दोघांनी मिळून आमच्या घराला दिलंय, मग त्यातलं एक नाव मी कसं गाळू?

'कासव'ला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. मराठीत 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि मग हा. एवढा मान, तरी आमच्याकडे थिएटरला दुपारचा एक खेळ, तोही आठवड्यात उतरवला, आम्ही पुण्याला जाऊन पाहिला.

आता 'दिठी' मॅडमनी एकटीने दिग्दर्शित केलाय, तिथे त्यांचंच एक नाव येणार, ते बरोबरच आहे. पण २०२१ ला मॅडम गेल्यावर त्यांनी लिहून ठेवलेला 'आऊटहाऊस' सुनील सरांनी केला, शर्मिला टागोर आणि मोहन आगाशे त्यात आहेत, तो २०२४ च्या डिसेंबरात आला. लेखन तिचं, दिग्दर्शन त्याचं. एक माणूस गेल्यावरही हे काम दोघांचंच राहिलं, आणि आपण मात्र माणूस हयात असून त्याचं नाव गाळतो.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या १९ एप्रिलला दोन्ही नावं छापा. आणि या दोघांचा 'दोघी' हा सिनेमा मोठ्या पडद्यावर साताऱ्यात दाखवायला कोणी तयार असेल तर हॉल शोधण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळं आम्ही चारपाच मैत्रिणी करू, फक्त प्रिंट मिळवून द्या.

एक वाचक, सातारा